आखूड पाय आणि बाह्य यंत्रें

२०२२ सालच्या आषाढ-श्रावणांत आमच्या घरांतील दिवसाची वांटणी एका पान्यानें केली होती. पहाटे सहा, दुपारीं बारा, सायंकाळीं सहा आणि रात्रीं बारा या चार वेळां घरांतील कोणी एक मोठें माणूस दहा नंबरचा पाना घेऊन आमच्या तेरा वर्षांच्या पुतणीच्या पलंगापाशीं बसे, तिच्या डाव्या पायाभोंवतीं बसविलेल्या पोलादी चौकटीच्या दांड्यांवरील नट पाव पाव फेरा फिरवी, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीनें एक रेघ ओढी. चार रेघा झाल्या म्हणजे नटाचा एक फेरा पुरा होई. आणि त्या दांड्यांचे आटे एक मिलिमीटर अंतरानें पाडलेले असल्यामुळें मुलीचा पाय त्या दिवसापुरता एक मिलिमीटर लांब झाला असें समजावयाचें. आमच्या मातुःश्रींचें वय त्या वेळीं एक्याऐंशी होतें. पाना फिरविण्याचें बळ त्यांच्या मनगटांत नव्हतें. पण मध्यरात्रींच्या पाळीच्या माणसास उठविण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे मागून घेतलें आणि एकही पाळी चुकूं दिली नाहीं.

हा घरगुती प्रसंग वाचकांपुढें मांडावा असें प्रथम आमच्या मनांत नव्हतें. परंतु त्यानंतर ओळखीच्या कित्येक कुटुंबांनीं आमच्याकडे चौकशी केली, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असे: "यंत्र कोणतें चांगलें?" एकानें तर शीतकपाट किंवा मोटार घेतांना करतात तशी दोन रकान्यांची तुलना करून आणली होती. प्रश्न सरळ दिसतो, पण त्याचें उत्तर पायाप्रमाणें बदलतें. आम्ही वैद्य नव्हे. शल्यवैद्यांस विचारून, त्यांनीं सुचविलेलें वाचून आणि सहा महिने एक चौकट घरीं सांभाळून जें समजलें तेवढेंच येथें सांगतों.

मूळ दुखणें असें: मुलगी तीन वर्षांची असतांना तिच्या डाव्या गुडघ्याखालीं हाडांत पू झाला होता. औषधोपचार झाले, ताप उतरला, मूल पुन्हां धांवूं लागलें, आणि आम्ही सर्व तें दुखणें विसरून गेलों. परंतु लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोंकांशीं कूर्चेचा एक पातळ थर असतो व हाडाची लांबी त्या थरांतून वाढते. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोंकाचा हा थर आंतल्या बाजूस जळून गेला होता. बाहेरची बाजू वाढत राहिली, आंतली राहिली नाहीं. त्यामुळें पाय एकीकडे आखूड होत गेला आणि दुसरीकडे आंत वांकत गेला. आठव्या वर्षीं दोन पायांत दोन सेंटिमीटरांचा फरक होता, तेराव्या वर्षीं तो साडेचारांवर आला. आमच्या भागांतील एक कुशल जोडे करणारा दर सहा महिन्यांनीं तिच्या डाव्या बुटाचा तळ वाढवून देई. मुलीनें याबद्दल तक्रार कधीं केली नाहीं. शाळेच्या स्नेहसंमेलनांतील नाचांतून तिनें आपलें नांव काढून घेतलें होतें, हें मात्र आमच्या वहिनींस दोन वर्षांनंतर दुसऱ्या मुलीच्या आईकडून कळलें.

यंत्र कोणतें, या प्रश्नाच्या आधीं 'यंत्र हवेंच काय?' हा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक घरीं विचारला जात नाहीं. दोन सेंटिमीटरांपर्यंतचा फरक शरीर निमूटपणें सोसतें; फार तर जोड्यांत एक जाड तळ घातला कीं काम भागतें. त्याहून अधिक फरक असून मूल अद्याप वाढीचें असेल तर आणखी एक साधी वाट असते. लांब पायाच्या गुडघ्याजवळील वाढीचा थर योग्य वेळीं लहानशा शस्त्रक्रियेनें बंद करावयाचा, म्हणजे तो पाय थांबतो आणि आखूड पाय आपल्या गतीनें मागून येतो. मांडीच्या हाडाचें खालचें टोंक वाढत्या वयांत वर्षाकाठीं सुमारें नऊ-दहा मिलिमीटर व नडगीच्या हाडाचें वरचें टोंक सुमारें सहा मिलिमीटर वाढतें, या हिशेबावर ही वेळ ठरवितात. "चांगल्या पायाला हात लावावयाचा?" असें म्हणून घरचीं वडील माणसें याला विरोध करतात, तसा तो आमच्याही घरीं झाला. परंतु मुलींची वाढ चौदाव्या वर्षाच्या सुमारास संपत येते. आम्ही वाद घालावयास बसलों तेव्हां वाद घालण्याजोगी वेळच उरली नव्हती. पुतणीस दहाव्या वर्षीं योग्य जागीं नेलें असतें तर या लेखाचें कारण कदाचित् निम्म्यानें कमी झालें असतें, ही खंत आमच्या मनांतून अजून गेलेली नाहीं.

आमच्या पहिल्या फेरीविषयींही सांगितलें पाहिजे. एका मोठ्या रुग्णालयांत आम्हांस पहिल्याच भेटींत एका चकचकीत यंत्राचीं चित्रें दाखविण्यांत आलीं व किंमत सांगण्यांत आली. मुलीस उभें करून मापें घेणें मात्र राहून गेलें. पुढें ज्या शल्यवैद्यांकडे आम्ही स्थिरावलों त्यांनीं यंत्राचें नांवही काढलें नाहीं. त्यांनीं तिच्या डाव्या पावलाखालीं अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटराचे लांकडी ठोकळे एकावर एक ठेवीत नेले, कंबर सारखी होतांच थांबले, आणि तशाच स्थितींत कमरेपासून घोंट्यापर्यंत एकच लांब क्ष-किरण चित्र घेविलें. पाय किती आखूड, कोठें आखूड, कोणत्या दिशेस व किती अंश वांकडा, आणि त्यांत पीळ आहे काय, हीं चार उत्तरें हातीं आल्याशिवाय यंत्राची गोष्ट बोलणें म्हणजे माप न घेतां अंगरखा बेतण्यासारखें आहे, असें ते म्हणाले.

आतां यंत्रांकडे वळूं. ऋग्वेदांत अश्विनीकुमारांनीं विश्पलेस लोखंडी जंघा दिल्याची कथा आहे, आणि सुश्रुतसंहितेंत मोडलेल्या पायाच्या रुग्णास फळीवर निजवून पांच खुंट्यांनीं जखडून ठेवावें असा 'कपाटशयना'चा उपाय सांगितला आहे. हे दाखले देऊन 'सर्व कांहीं आमच्याकडे होतेंच' असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. हाड हलूं दिलें नाहीं तर तें जुळतें, हें ज्ञान जुनें आहे. हाड कापून, ओढून, मधल्या फटींत नवें हाड उगवून घेणें ही गोष्ट अगदीं निराळी, आणि ती विसाव्या शतकाची आहे.

तिचा आरंभ इटलींतील बोलोन्या येथें झाला. तेथील कोदिव्हिल्ला या शल्यवैद्यानें १९०५ सालीं आपली पद्धत प्रसिद्ध केली. तो हाड तोडी, टांचेंतून खिळा आरपार घाली आणि त्यास जोर लावून पाय एकदम ओढी व प्लास्टरांत बसवी. हाडाचें एक वेळ ठीक. पण स्नायू, रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांना असा हिसका मानवत नाहीं, हें फार लवकर दिसून आलें. पुढें त्याच शहरांतील पुत्ति, अमेरिकेंतील ॲबट इत्यादिकांनीं स्प्रिंगा व पेच लावून ओढ हळूहळू देण्याचे प्रयत्न केले. १९७०च्या सुमारास जर्मनींतील वाग्नर यांचें यंत्र प्रचारांत आलें. मांडीच्या बाहेरच्या अंगास चार जाड पेचखिळ्यांवर बसविलेली ती एकच दांडी. तिच्या टोंकाशीं एक मूठ होती व ती रोगी स्वतः फिरवी. दररोज सुमारें दीड मिलिमीटर लांबी वाढवावयाची. यंत्र सुटसुटीत होतें, पण ओढीची गति इतकी होती कीं मधली फट बहुधा रिकामीच राही. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेंत कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तेथें भरावा व पट्टी बसवावी, आणि तिसऱ्या शस्त्रक्रियेंत ती पट्टी काढावी, असा तो तीन अंकी खेळ असे.

ज्या माणसानें हा सर्व हिशेब बदलला तो त्या वेळीं पश्चिमेकडील वैद्यांस जवळजवळ अज्ञात होता. गाव्रील इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ सालचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते वैद्य होऊन पश्चिम सैबीरियांतील कुर्गान प्रांतीं एका खेड्यांत रुजू झाले. युद्धांत हाडें मोडून तीं न जुळलेले सैनिक त्यांच्याकडे येत. साधनें तुटपुंजीं, औषधें त्याहून कमी. १९५१ च्या सुमारास त्यांनीं आपलें पहिलें यंत्र सिद्ध केलें. तें असें कीं, हाडांतून बारीक तारा आरपार न्यावयाच्या, त्या पायाभोंवतींच्या पोलादी कड्यांस ताणून बांधावयाच्या, आणि वरचें व खालचें कडें आट्यांच्या दांड्यांनीं जोडावयाचें. मूळ हेतु न जुळलेलीं हाडें एकमेकांवर दाबून धरण्याचा होता. एका रुग्णानें नट चुकून उलटे फिरविले, हाडांत फट पडली, आणि त्या फटींत नवें हाड दिसलें, अशी एक कथा सांगतात. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, पुढचीं वर्षानुवर्षें कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनीं त्या घटनेचे नियम बसविले, आणि त्या नियमांवरच आजचीं सर्व यंत्रें चालतात.

हे नियम घरच्या माणसांनीं समजून घेण्यासारखे आहेत. हाड करवतीनें एकदम न कापतां त्याची कठीण साल तेवढी अलगद फोडावी. भोंवतालची त्वचा व आंतला रक्तपुरवठा होतां होईल तों राखावा. त्यानंतर पांच ते सात दिवस कांहींच करूं नये. तेवढ्यांत निसर्ग जखम भरण्यास आरंभ करतो. मग दिवसाला एक मिलिमीटर, पण तो एकदम नव्हे, चार वेळां विभागून, ओढावा. याहून सावकाश ओढलें तर फट वेळेआधींच भरून हाड घट्ट होतें आणि पुढें ओढतां येत नाहीं. घाईनें ओढलें तर नवें हाड धरत नाहीं व मज्जातंतु दुखावतात. हवी तेवढी लांबी मिळाली कीं ओढणें थांबवून, लुसलुशीत नवें हाड पक्कें होईपर्यंत, म्हणजे ओढण्यास लागले त्याच्या जवळजवळ दुप्पट दिवस, चौकट तशीच ठेवावी. एका सेंटिमीटरास एकंदर एक महिना, हा ढोबळ हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. जाहिरातींत तो फार बारीक अक्षरांत असतो.

कुर्गानची कीर्ति खेळाडूंनीं व प्रवाशांनीं बाहेर नेली. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकांत उंच उडीचें सुवर्णपदक मिळविणारा व्हालेरी ब्रूमेल १९६५ सालीं मोटारसायकलीच्या अपघातांत पाय चिरडून घेऊन बसला. कित्येक शस्त्रक्रियांनंतर १९६८ सालीं तो इलिझारोव्ह यांच्याकडे गेला आणि पुढें पुन्हां दोन मीटरांवर उडी मारूं लागला. १९८० सालीं कार्लो माउरि नांवाचा इटालियन गिर्यारोहक कित्येक वर्षांचा बिघडलेला पाय घेऊन तेथें पोहोंचला. तो बरा होऊन आला तेव्हां इटलींतील वैद्य चकित झाले. त्यांनीं १९८१ सालीं इलिझारोव्ह यांस आपल्या परिषदेस बोलाविलें, आणि तेथून ही विद्या युरोप, अमेरिका व पुढें हिंदुस्थानांत पसरली. आपल्याकडे पुण्या-मुंबईसच ती राहिली असें नाहीं. अकोल्यासारख्या शहरींही केवळ या पद्धतीस वाहिलेलें केंद्र उभें राहिलें. पोलिओनें आखूड झालेले पाय आपल्याकडे गांवोगांव होते. देशांतील नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला असला तरी त्यापूर्वींचे रुग्ण आज प्रौढ होऊन आपल्यांतच वावरत आहेत.

कड्यांच्या चौकटीचा मोठा गुण असा कीं ती हाडास चोहोंकडून धरते. तारा दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे विणावयाच्या सुईहूनही बारीक. पण शंभर किलोंच्या आसपास ताण देऊन बांधल्यावर त्या सायकलीच्या आऱ्यांप्रमाणें भार पेलतात. रुग्ण त्या पायावर वजन टाकून चालूं शकतो. नव्हे, त्यानें चालावेंच, कारण पाऊल टाकतांना हाडांवर पडणारा हलका दाब नवें हाड पक्कें करतो. शिवाय कड्यांमध्यें बिजागऱ्या बसवून वांकडें हाड लांबतां लांबतां सरळही करतां येतें. दोष सांगावयाचा तर चौकट अवजड आहे, आणि तारा मांसांतून आरपार जात असल्यामुळें स्नायू त्यांवर घासतात व दुखतात. नडगीस ती शोभते. मांडीच्या वरच्या भागीं पुरें कडें बसविलें तर दोन्ही पाय जवळ घेतां येत नाहींत आणि बसणें-निजणें कठीण होतें. म्हणून तेथें अर्धी कमान व जाड पेचखिळे वापरतात.

एका बाजूची दांडी ही दुसरी जात. वाग्नर यांच्या दांडीची सुधारलेली आवृत्ति इटलींतील व्हेरोना येथील दे बास्तियानि यांनीं पुढें आणली. त्यांनीं ओढण्यापूर्वीं अधिक दिवस थांबण्याचा परिपाठ घातला व कमरेचें हाड काढून भरण्याची गरज दूर केली. ही दांडी मांडीस फार सोयीची. सैल सलवार तिच्यावरून जाते, रुग्ण कुशीवर निजूं शकतो, आणि खिळे एकाच बाजूनें शिरत असल्यामुळें जखमाही कमी. परंतु भिंतींतून बाहेर आलेल्या फळीवर टोंकाशीं वजन ठेवलें कीं ती वांकते, त्याच न्यायानें येथेंही हाड हळूहळू दांडीपासून दूर झुकूं पाहतें. हाड सरळ असून केवळ आखूड असेल तर ही दांडी उत्तम. आधींच वांकडें असेल तर तिच्याकडून फारशी अपेक्षा करूं नये. आमच्या पुतणीच्या बाबतींत ती पहिल्याच दिवशीं बाद झाली.

तिसरी जात सहा तिरप्या दांड्यांची. विमान चालविण्याचें शिक्षण ज्या हलत्या मंचावर देतात त्याच्या रचनेचें वर्णन स्टुअर्ट यांनीं १९६५ सालीं केलें होतें. सहा पाय निरनिराळ्या प्रमाणांत लांब-आखूड केले कीं वरचा मंच पुढें-मागें, वर-खालीं, कलता व फिरता असा कसाही नेतां येतो. अमेरिकेंतील मेम्फिस येथील टेलर बंधूंनीं १९९० नंतरच्या दशकांत हीच युक्ति दोन कड्यांमध्यें बसविली. हाडाचीं व चौकटीचीं मापें संगणकास द्यावयाचीं. कोणती दांडी कोणत्या दिवशीं किती फिरवावयाची याचें कोष्टक तो छापून देतो. आखूडपणा, बांक आणि पीळ हे तिन्ही दोष एकदम व चौकट न उघडतां दूर होतात. मागाहून कांहीं चूक दिसली तरी नवें कोष्टक काढतां येतें. कोष्टक मात्र दिलेल्या मापांइतकेंच खरें असतें. आमच्या शल्यवैद्यांनीं हंसत सांगितलें कीं, हें यंत्र चुकीचें मापही फार अचूकपणें अमलांत आणतें. शिवाय त्याची किंमत साध्या कड्यांच्या कित्येक पट आहे.

चौथी गोष्ट बाह्य यंत्रांची नव्हे, पण सांगावयास हवी. हाडाच्या पोकळींत बसणारा, बाहेरून लोहचुंबक फिरविला कीं आंतल्या आंत लांबणारा खिळा २०११ पासून अमेरिकेंत मान्यता पावून वापरांत आहे. बाहेर कांहीं दिसत नाहीं, तारांच्या जखमा नाहींत. मांडीच्या हाडासाठीं ज्याची ऐपत आहे त्यानें याचा विचार अवश्य करावा. पण तो बसण्यास पोकळी पुरेशी रुंद लागते, वाढीचे थर जिवंत असलेल्या मुलाच्या नडगींत तो घालतां येत नाहीं, आणि पूर्वीं ज्या हाडांत पू झाला आहे त्या हाडाच्या गाभ्यांत धातूचा खिळा ठेवण्यास कोणीही शहाणा वैद्य सहज तयार होत नाहीं. नवें तें सर्व निर्धास्त असेंही नाहीं. या जातीचा पोलादी नमुना २०२१ सालीं गंज व हाडावरील दुष्परिणाम दिसून आल्यामुळें बाजारांतून मागें घ्यावा लागला.

आमच्यापुढें शेवटीं साधीं कडीं आणि सहा दांड्या एवढाच वाद उरला. आमचे बंधु दुसऱ्या बाजूचे होते. मुलीसाठीं कर्ज काढावें पण उणें ठेवूं नये, असा त्यांचा बापाचा युक्तिवाद. शल्यवैद्यांनीं त्यांना क्ष-किरण चित्र दाखविलें. बांक एकाच दिशेचा, सुमारें दहा अंशांचा, पीळ नाहीं. "पीळ असता तर मींच तुम्हांला सहा दांड्या सांगितल्या असत्या," ते म्हणाले. "हा दोष दोन बिजागऱ्या दूर करतील, आणि कडीं मी तीस वर्षें बांधीत आलों आहें." आमच्या मतें या उत्तरार्धांत निवडीचें अर्धें मर्म आहे. ज्या हातांस जें यंत्र सवयीचें तें त्या हातीं चांगलें.

वटपौर्णिमेनंतरच्या आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली. नडगीशेजारचें बारीक हाडही तोडावें लागतें, नाहीं तर तें मोठ्या हाडास लांबूं देत नाहीं. सातव्या दिवसापासून पाना सुरू झाला. पहिले दहा दिवस सर्व सुरळीत गेलें व आम्ही थोडे फुशारलों. मग पावसाळी हवेंत दोन तारांभोंवतालची कातडी लाल झाली, पाणी येऊं लागलें. तारेच्या मुळाशीं अशी सूज येणें हें कोणत्याही बाह्य यंत्रांत इतकें नित्याचें आहे कीं ती येणार असेंच धरून चालावें. निर्जंतुक मिठाच्या पाण्यानें धुणें, कोरडी पट्टी बांधणें, जरूर तेव्हां प्रतिजैविक औषध. हें काम वहिनींनीं केलें. एके रात्रीं मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही करा, आईचे हात कांपतात." त्यानंतर दोन आठवडे तें काम आमच्या घरांतून, म्हणजे आमच्या पत्नीनें केलें, आणि वहिनी दाराबाहेर बसून राहत.

खरी लढाई मात्र पुढेंच होती. हाड वाढतें, पण पोटरीचा स्नायू व टांचेची शीर तितक्या खुशीनें वाढत नाहींत. पंचविसाव्या दिवशीं तिची टांच जमिनीस टेकेना. व्यायाम करून घेणाऱ्या बाई दररोज येऊन पाऊल वर दाबून धरीत आणि मुलगी उशींत तोंड खुपसून ओरडे. पाठोपाठ पायाच्या अंगठ्याशीं मुंग्या येऊं लागल्या. मज्जातंतु ओढीची तक्रार करीत आहे असें सांगून शल्यवैद्यांनीं गति दिवसाला पाऊण मिलिमीटर केली. मध्यरात्रींचा फेरा बंद झाला. मातुःश्री तरीही बारा वाजतां उठत व मुलीचें पांघरूण नीट करून परत येत.

गति मंदावल्यानें हिशेब बदलला. श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यांत चार सेंटिमीटर पुरे झाले, बांक गेला होता, आणि अर्धा सेंटिमीटर बाकी होता. शल्यवैद्य म्हणाले, येथेंच थांबावें. टांच गमावून अर्धा सेंटिमीटर मिळविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या बंधूंस हें रुचलें नाहीं. तेव्हां मुलीनें स्वतःच सांगितलें, "बाबा, पुरे." या सर्व प्रकरणांत तिचें मत कोणीं सरळ विचारलें तें हेंच पहिल्यानें, आणि तेंही कोणीं विचारलें नव्हतें.

गणपतीस ती काठी घेऊन आरतीला उभी होती. दिवाळींत काठीशिवाय चालली. मार्गशीर्षांत चौकट निघाली, आणि त्यानंतरही सहा आठवडे पायावर आवरण होतें. कारण चौकट निघाल्यावर नवें हाड पुन्हां मोडण्याची धास्ती राहते, आणि त्याच वेळीं घरचीं माणसें सैल सोडतात.

येथें एका वाढत्या प्रकाराविषयीं बोलल्याशिवाय राहवत नाहीं. ज्यांचे दोन्ही पाय सारखे, सरळ व निरोगी आहेत असे तरुण केवळ उंची वाढविण्यासाठीं हीच शस्त्रक्रिया दोन्ही पायांवर करून घेऊं लागले आहेत. वधूवरांच्या जाहिरातींत उंचीचा आंकडा पगाराच्या आधीं छापणाऱ्या आपल्या समाजानें यांत आश्चर्य मानूं नये. एका परिचित गृहस्थांनीं आपल्या चिरंजिवांसाठीं हीच चौकशी आमच्याकडे केली. मुलगा पांच फूट चार इंच, पदवीधर, नोकरींत स्थिर, आणि दोनदां नकार आलेला. आम्हीं त्यांना त्या पंचविसाव्या दिवसाची हकीकत सांगितली. मज्जातंतूची इजा, ताठलेला सांधा, न धरलेलें हाड हे धोके कोणत्याही यंत्रानें शून्य होत नाहींत. व्यंग असलेल्या पायाच्या बाबतींत ते एका गरजेपोटीं पत्करले जातात. येथें दोन चांगले पाय पणास लागतात. ते गृहस्थ थोडे दुखावून गेले. चिरंजिवांनीं पुढें काय केलें हें आम्हीं विचारलें नाहीं.

पुतणी आतां महाविद्यालयांत आहे. नडगीवर तारांचे पांढरे ठिपके राहिले आहेत. ती ते झांकीत नाहीं. चौकट निघाल्यावर ती आपल्या वडिलांबरोबर त्याच जोडे करणाऱ्याकडे गेली, तेव्हां त्यानें सवयीनें जाड तळाचें चामडें काढून ठेवलें होतें. तिनें पाऊल ठेवलें, त्यानें दोन्ही गुडघे निरखिले, चामडें बाजूस सारलें आणि अर्ध्या सेंटिमीटराचा एक पातळ तुकडा कापून बुटाच्या आंत सरकविला. दहा नंबरचा पाना आमच्या बंधूंनीं स्कूटरीच्या डिकींत टाकला आहे.